ताऱ्यांच्या तारा

१७ ऑगस्ट २०१७ या एका दिवसाबद्दल गेल्या काही वर्षांत मी बरंच वाचलं. वर्तमानपत्री लेख, मुलाखती, मूळ शोधनिबंधही. त्यातला मला सर्वांत आवडलेला मजकूर कुठल्याही पुस्तकात नाही. तो एका ईमेल-यादीच्या संग्रहात आहे. चित्र नाही, ठळक अक्षरं नाहीत. काही ओळींच्या नोंदी, एकाखाली एक. यादीचं नाव जीसीएन. पूर्वी याचा अर्थ 'गॅमा-रे कोऑर्डिनेट्स नेटवर्क' असा होता, आता 'जनरल कोऑर्डिनेट्स नेटवर्क' असा आहे. आकाशात काही घडलं की कुठे आणि कधी ते जगभरच्या वेधशाळांना ताबडतोब कळवायचं, एवढंच तिचं काम. या नोंदींना सर्क्युलर म्हणतात.

ही सर्क्युलरं वाङ्मय म्हणून वाचण्यासारखी आहेत, असं माझं म्हणणं आहे. घाईत लिहायचं आणि तरी खोटं लिहायचं नाही, हे ज्यांना जमतं असे लेखनप्रकार आपल्या काळात फार थोडे उरलेत. हा त्यातला एक आहे.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

आधी ती गोष्ट, जशी सांगितली जाते तशी. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत १३ कोटी वर्षांपूर्वी आदळले. त्यांच्या फिरण्याने अवकाश-काळात उठलेल्या लहरी पृथ्वीवर पोचल्या आणि अमेरिकेतल्या लायगोच्या यंत्रांनी त्या पकडल्या. चार किलोमीटर लांबीच्या नळीत झालेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. पुढे क्ष-किरण आले, रेडिओ लहरी आल्या. एकाच घटनेचे इतके वेगवेगळे निरोप्ये, म्हणून हे 'मल्टी-मेसेंजर' खगोलशास्त्र. आणि हो, सोनं कसं तयार होतं तेही कळलं.

चांगली गोष्ट आहे. तिच्यातली जवळजवळ सगळी वाक्यं खरी आहेत. पण त्यांचा क्रम नंतर लावलेला आहे. घटना ज्या क्रमाने घडली तो हा क्रम. माणसांना ज्या क्रमाने कळली तो वेगळा, आणि तो फक्त सर्क्युलरांत सापडतो.

पत्रं

सगळ्या वेळा भारतीय घड्याळाने देतो. टक्कर 'पोचली' ती संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी. पहिला बोलला तो फर्मी. त्याच्या यंत्राने गॅमा झोत ओळखून १४ सेकंदांत आपोआप इशारा पाठवला. तोपर्यंत लायगोला काही माहीत नव्हतं. लायगोच्या सॉफ्टवेअरला हॅनफर्डच्या नोंदीत सिग्नल सापडायला सुमारे सहा मिनिटं लागली, आणि तोही एकाच यंत्रात. लुईझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात विलीनीकरणाच्या सेकंदभर आधी मोठा खरखराट झाला होता, म्हणून संगणकाने तो भाग बाद केला होता. माणसांनी आलेख उघडून डोळ्यांनी पाहिला तेव्हा कळलं, की खरखराटाच्या आरपार सिग्नलची वर चढत जाणारी रेघ स्पष्ट दिसतेय.

६ वाजून ५१ मिनिटांनी, म्हणजे चाळीस मिनिटांनी, लायगो-व्हर्गोचं पहिलं सर्क्युलर गेलं. क्रमांक २१५०५. त्याचा विषय मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यात फर्मीच्या ट्रिगरचा नंबर आधी येतो, आणि मग त्याला जोडीदार म्हणून 'संभाव्य' गुरुत्वीय लहर ओळखल्याचं म्हटलं आहे. इतिहासात पुढे लहर नायक झाली आणि गॅमा झोत तिच्यामागून १.७ सेकंदांनी आलेला साथीदार. मूळ कागदावर मात्र झोत ही ठरलेली गोष्ट आहे आणि लहर ही शंका. लेखकांना त्या मिनिटाला जेवढं माहीत होतं, वाक्य तेवढंच आहे.

मग वाट पाहणं. कुठे पाहायचं हे सांगणारा तीन यंत्रांचा नकाशा यायला ११ वाजून २४ मिनिटं झाली. इटलीतलं व्हर्गो १ ऑगस्टलाच या शोधात सामील झालं होतं, आणि त्याच्याकडे सिग्नल अगदी क्षीण होता. कारण घटना त्याच्या जवळजवळ आंधळ्या दिशेला घडली होती. पण 'तिथे मोठ्याने ऐकू आलं नाही' हीच माहिती ठरली. जिथून व्हर्गोला नीट ऐकू आलं असतं त्या सगळ्या दिशा बाद झाल्या. उरलं ३१ चौरस अंश आकाश, म्हणजे साधारण दीडशे पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. एवढ्या टापूत पन्नासेक दीर्घिका.

आकाशाचा तो भाग, वासुकी तारकासमूहाकडचा, ऑगस्टमध्ये सूर्यापाठोपाठ मावळतो. नकाशा आला तेव्हा भारतातून तो मावळून गेलेला होता. आता संधी चिलीची, तीही सूर्यास्तानंतर तासा-दीड तासाची. लास कंपानासच्या एक मीटरच्या 'स्वोप' या जुन्या दुर्बिणीने यादीतली एकेक दीर्घिका टिपायला सुरुवात केली. १८ तारखेच्या पहाटे ५ वाजून ३ मिनिटांनी तो ठिपका तिच्या फोटोत आला. ६ वाजून ३५ मिनिटांनी सर्क्युलर गेलं. शब्द पुन्हा तोच: 'संभाव्य'.

बखर

दोन महिन्यांनी, १६ ऑक्टोबर २०१७ रोजी, 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स'मध्ये या सगळ्याचा एकत्र निबंध आला. साडेतीन हजारांहून अधिक लेखक, सत्तर वेधशाळा. लेखकांची आणि संस्थांची यादी स्क्रोल करताना अंगठा दुखतो.

हा निबंध मला बखरीसारखा वाटतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचा भर कशावर होता ते आठवा. बखरी नंतर लिहिल्या जातात. शेवट काय झाला हे बखरकाराला माहीत असतं, म्हणून तो सुरुवातही त्या शेवटाला शोभेल अशी लिहितो. प्रसंग घडत असताना लिहिलेली पत्रं विस्कळीत असतात, अर्धवट असतात, पण त्यांना उद्या काय होणार हे माहीत नसतं. राजवाड्यांनी पत्रांच्या बाजूने कौल दिला, आणि मराठी इतिहासलेखन बदललं.

बखरीला माझा विरोध नाही. या निबंधातली दुसरी आकृती तर मला कलाकृती वाटते. आडव्या अक्षावर टकरीपासूनचा वेळ: शेकडाव्या भागातल्या दिवसांपासून आठवड्यांपर्यंत. उभ्या बाजूला निरोप्यांच्या ओळी: गुरुत्वीय लहरी, गॅमा, क्ष-किरण, अतिनील, दृश्य, अवरक्त, रेडिओ. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेधशाळांच्या नावांची दाटी. ठिपक्याचा आकार तेजाच्या प्रमाणात. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक सर्क्युलर कधी गेलं त्याच्या बारीक रेघा. म्हणजे बखरीने आपल्याच पोटात पत्रांच्या तारखा जपून ठेवल्या आहेत. ही सचोटी थोड्या बखरींत असते.

तरी बखर ती बखरच. तिच्यात एक वाक्य येतं, की स्वोपच्या फोटोनंतर तासाभरात, आणि तिची घोषणा होण्याआधी, आणखी पाच गटांनीही स्वतंत्रपणे तोच ठिपका टिपला होता. फोटो त्यांच्याकडेही होता. तो आधी उघडून पाहिला आणि आधी कळवलं एका गटाने. त्या ठिपक्याला प्रत्येकाने आपापलं नाव दिलं, आणि अखेर एटी २०१७जीएफओ हे कुणाचंच नसलेलं अधिकृत नाव टिकलं. या सगळ्यात केवढी धाकधूक, केवढं वैफल्य असेल! निबंधात ते एका वाक्यात समंजसपणे मिटतं. सर्क्युलरांत ते एकामागून एक आदळणाऱ्या वेळांच्या नोंदींत दिसतं.

इथे सर्क्युलरांचा दोषही सांगायला हवा. आवाज कितीही विनम्र असला तरी हा हक्क सांगण्याचा दस्तऐवज आहे. 'आम्ही पाहिलं' याच्या आत 'आम्ही आधी पाहिलं' लपलेलं असतं. २०१७ मध्ये तर हा पत्रव्यवहार करार केलेल्या गटांपुरताच होता. बाकी जगाला तो नंतर वाचायला मिळाला. एप्रिल २०१९ पासून लायगो-व्हर्गोचे इशारे सर्वांसाठी खुले झाले. आज ते तुमच्या फोनवरही येऊ शकतात, क्रिकेटच्या स्कोअरसारखे.

घाई कशासाठी

एवढी घाई का, हा प्रश्न रास्त आहे. १३ कोटी वर्षं वाट पाहिलेला प्रकाश आणखी एक रात्र थांबला असता तर काय बिघडलं असतं?

बरंच. तो ठिपका पहिल्या रात्री निळसर होता. दोन-तीन दिवसांत निळा प्रकाश ओसरला आणि ठिपका लाल होत गेला. निळा प्रकाश म्हणजे टकरीत वेगाने फेकला गेलेला, तुलनेने हलक्या मूलद्रव्यांचा मालमसाला. लाल प्रकाश म्हणजे लँथॅनाइड गटातल्या जड मूलद्रव्यांनी गढूळ झालेला भाग. दोन दिवस उशीर झाला असता तर कथेचं पहिलं प्रकरणच फाटलेलं मिळालं असतं. उलट क्ष-किरणांना घाई चालली नाही. चंद्रा वेधशाळेने दोन दिवसांनी पाहिलं तेव्हा काही नव्हतं. नवव्या दिवशी दिसलं. रेडिओ लहरी तर सोळाव्या दिवशी आल्या. त्यानंतरचे कित्येक महिने पुण्याजवळच्या खोडदची जीएमआरटीही हा रेडिओ प्रकाश टिपत राहिली, आणि त्या नोंदींचा झोताचं कोडं सोडवायला उपयोग झाला. म्हणजे इथे वेग आणि चिकाटी दोन्ही लागतात. रील मात्र पहिल्या दिवसावरच संपतं.

सोनं आणि नाद

आता लोकप्रिय लेखनाबद्दल. त्यात दोन शब्द हटकून येतात: सोनं आणि आवाज.

सोन्याची बातमी आपल्याकडे चालणारच. पण त्या प्रकाशात सोन्याची ओळख पटवणारी स्वतंत्र खूण कुणाला दिसली नाही. जड मूलद्रव्यं तयार झाली, हे त्या लाल रंगावरून आणि गणितावरून ठामपणे निघतं. त्यात सोनं असणार, हेही तर्काला धरून आहे. पण वर्णपटात नाव घेऊन ओळखलं गेलेलं पहिलं मूलद्रव्य स्ट्रॉन्शियम, तेही २०१९ मध्ये. दिवाळीच्या फटाक्यांना लाल रंग देणारं ते. 'तुमच्या गळ्यातलं मंगळसूत्र ताऱ्यांच्या टकरीतून आलं' हे वाक्य मोहक आहे. 'तुमच्या फटाक्यातला लाल रंग तिथे दिसला' हे पुराव्याच्या जास्त जवळचं आहे. मला दुसरं जास्त सुंदर वाटतं.

आवाजाचं तसंच. गुरुत्वीय लहर म्हणजे ध्वनी नव्हे. योगायोगाने तिची कंपनसंख्या आपल्या कानाच्या टप्प्यात येते, म्हणून ती स्पीकरवर वाजवता येते. या घटनेचा सिग्नल सुमारे शंभर सेकंद यंत्राच्या टप्प्यात होता आणि त्यात साधारण तीन हजार आवर्तनं झाली. 'ऐकलं' हे रूपक मी वरही वापरलं आहे, कारण ते उपयोगी आहे. दिशा नीट कळत नाही, कान चारी बाजूंना उघडे असतात, हे त्यातून समजतं. पण आपल्याकडे त्या रूपकाला लगेच अनाहत नाद चिकटतो, त्यापाठोपाठ ओंकार, आणि मग तो फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर येतो. रूपक कुठवर न्यायचं आणि कुठे सोडायचं, हे लेखकाने ठरवायचं असतं. सर्क्युलरांत रूपकच नसतं, हा त्यांचा कोरडेपणा आहे आणि आरोग्यही.

'सापडलं नाही'

या प्रकाराचं खरं मोठेपण दिसतं ते अपयशात. २५ एप्रिल २०१९ ला पुन्हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली. हॅनफर्ड त्या वेळी बंद होतं, व्हर्गोकडे सिग्नल अगदी फिका. पहिला नकाशा दहा हजार चौरस अंशांचा, जवळपास पाव आकाशाचा. अंतरही २०१७ च्या घटनेच्या कितीतरी पट. जगभरच्या दुर्बिणी रात्रीमागून रात्री तो टापू चाळत राहिल्या. संशयित सापडत, त्यांचा वर्णपट घेतला जाई, आणि नेहमीचा सुपरनोव्हा निघे. शेवटी काहीच सापडलं नाही.

ती सर्क्युलरं वाचा. आम्ही इतका टापू पाहिला, इतक्या अंधुक तेजापर्यंत पाहिला, काही दिसलं नाही. सही. अशा नोंदींवर कुणी माहितीपट काढणार नाही. पण 'नाही' म्हणण्याची ही किती काटेकोर रीत आहे! नुसतं नाही नव्हे; कुठे नाही, कधी नाही, किती खोलवर पाहून नाही. २०१७ मध्येही न्यूट्रिनो शोधणाऱ्या प्रयोगांनी 'आमच्याकडे काही आलं नाही' असं रीतसर कळवलं होतं. न आलेला निरोप्या हाही एक निरोप असतो.

याचं एक उदाहरण घरचं आहे. ४ जानेवारी २०१७ ला दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर आली. दिवसभरात त्याच टापूत एक विझत जाणारा ठिपका सापडला, आणि दोघांचं नातं असेल का अशी चर्चा सुरू झाली. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय उपकरणाने मात्र त्या लहरीनंतर सुमारे २१ तासांनी झालेला एक वेगळाच गॅमा झोत टिपला होता. ठिपका त्या झोताचा होता. लहरीशी त्याचा संबंध नव्हता. आयआयटी मुंबईच्या वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी यावर लिहिलेल्या निबंधाचं नाव 'अ टेल ऑफ टू ट्रान्झियंट्स', डिकन्सच्या कादंबरीची आठवण देणारं. जुळत आलेली सोयरीक मोडणारा हा निबंध आहे, आणि मला तो शोधाइतकाच मोलाचा वाटतो. दोन गोष्टींची एक गोष्ट करणं सोपं असतं, वाचकांना तेच आवडतं. एका गोष्टीच्या पुन्हा दोन करायला पुरावा आणि हिंमत लागते.

आणि मागे घेणं. २०१९-२० च्या फेरीत लायगो-व्हर्गोने ८० इशारे दिले, त्यातले २४ मागे घेतले. त्यासाठी वेगळं सर्क्युलर असतं. तो सिग्नल खगोलीय नव्हता, एवढंच. कांगावा नाही, 'आमचा तसा अर्थ नव्हता' नाही. ज्या यादीवर दावा गेला त्याच यादीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत माघार जाते. आपल्या बातम्यांच्या जगात दावा पहिल्या पानावर असतो आणि खुलासा कुठे असतो, ते तुम्हाला माहीत आहे.

आपली भाषा, आपली घाई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खगोलशास्त्रज्ञ नवे धूमकेतू आणि नवे तारे एकमेकांना तारेने कळवत. त्यासाठी वेगळी कचेरीच होती. सर्क्युलरं त्या तारांची नातवंडं. तार महाग, म्हणून शब्द मोजून. आज शब्द फुकट आहेत, तरी इथे ते मोजले जातात. कारण प्रत्येक शब्दावर कुणीतरी दुर्बिणीची महागडी रात्र खर्च करणार असतं.

हे मी मराठीत लिहितोय त्याला कारण आहे. या शोधाची एक मुळी पुण्यात आहे. आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये, अशा जोडताऱ्यांचा सिग्नल गोंगाटातून ओळखायला आधीच काढून ठेवलेले नमुने कसे निवडावेत, यावर काम केलं. ढोल-ताशांच्या गर्दीत ओळखीची चाल पकडायची तर चाल आधी पाठ हवी, तसं. त्या सहा मिनिटांमागे हे सगळं आहे. आणि हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. इतकं दूरचं आणखी एक यंत्र जोडलं गेलं, की नकाशे लहान होतील आणि एप्रिल २०१९ सारखं पाव आकाश चाळायची वेळ कमी येईल.

त्या वेळी इशारा हिंगोलीच्या नोंदींवरूनही जाईल. मराठीत त्याची बातमी काही मिनिटांत येईल. ती कशी असेल, याची मला काळजी वाटते. मराठीजवळ साधनं कमी नाहीत. 'असावं', 'दिसतंय', 'वाटतं', 'म्हणे': माहिती किती पक्की आहे ते क्रियापदातच सांगायची सोय आपल्याकडे कितीतरी आहे. पानिपतानंतरचं ते मोत्या-मोहरांचं सांकेतिक पत्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातही मोजता आलं ते मोजून सांगितलं होतं आणि ज्याची मोजदाद नव्हती ते तसंच सांगितलं होतं. पण आजची मराठी बातमी हे 'असावं' गाळून टाकते आणि त्या जागी उद्गारचिन्ह घालते.

२०१७ नंतर लहर आणि प्रकाश यांची इतकी निर्विवाद जोडी पुन्हा सापडलेली नाही. ती कधीतरी सापडेल. तोवर बरेच इशारे येतील, बरेच मागे घेतले जातील, बऱ्याच रात्री काहीच दिसणार नाही. त्या रात्रींबद्दलही कुणीतरी मराठीत लिहावं: एवढं पाहिलं, एवढं दिसलं नाही, पुढचं कळल्यावर कळवू.